पांढऱ्या उंदरांचा धंदा : कर्जाचा ठराव घेण्याआधी

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी छापत आहोत.)



आजच्या विषयाचं नाव घेतलं की मागच्या रांगेत हसू फुटते, हे मला माहीत आहे. हसून घ्या आधी. पण या महिन्यात दोन गटांच्या वहीत "पांढरे उंदीर पालन" या नावाने कर्जाची मागणी लिहिलेली आहे, प्रत्येकी ३० हजारांची. मग हा हसण्याचा विषय राहत नाही. तो पैसा तुमच्याच बचतीचा आहे आणि दर आठवड्याला मोजून टाकलेला आहे.

झालं असं की एक माणूस गावोगाव फिरून राहिला आहे. त्याच्याकडे रंगीत कागद आहे, मोबाईलमध्ये व्हिडिओ आहे. तो म्हणते, शहरात लोक आता साप पाळतात, परदेशी साप, आणि त्यांना खायला पांढरे उंदीर लागतात. पाच माद्या, एक नर, पिंजरे आणि "ट्रेनिंग" असा संच ३० हजाराला. एक मादी महिन्याला दहा पिल्लं देते, म्हणजे पाच माद्यांची वर्षाला ६०० पिल्लं. कंपनी १०० रुपयाला एक विकत घेणार. वर्षाचे ६० हजार, घरबसल्या. कागदावर खाली गणपतीचा फोटो, गणपतीचं वाहन म्हणून.

एका काकूंनी मला तिथेच विचारलं, "काऊन जी, उंदीर तर आमच्या घरात फुकटच आहेत, तेच पकडून दिले तर?" प्रश्न चांगला आहे, त्याचं उत्तर आधी देते. घरातला, शेतातला उंदीर कोणताही शहाणा साप पाळणारा घेत नाही. त्याच्या पोटात आपणच टाकलेलं औषध असू शकते, झिंक फॉस्फाईड म्हणा की वड्या म्हणा, आणि ते सापालाही मारते. शिवाय अंगावर गोचीड, पिसवा. म्हणून पिंजऱ्यात वाढवलेला पांढरा उंदीर लागतो. हा मूळचा तपकिरी घुशीसारख्या मोठ्या उंदराच्याच जातीचा, फक्त रंग गेलेला. प्रयोगशाळांमधून तो जगभर पसरला.

तेव्हा तो माणूस सगळंच खोटं बोलतो असं नाही. साप पाळणारे लोक आहेत. उंदीरही लागतात. मुंबईत परळला हाफकिन संस्थेत सर्पदंशावरचं औषध तयार करण्यासाठी वर्षानुवर्षं साप ठेवले गेले. पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान १९८६ पासून आहे. साप ठेवायचे म्हटल्यावर त्यांच्या खाण्याची सोय लावावीच लागते. म्हणजे कामाला नाव ठेवण्यासारखं काही नाही. मला प्रश्न आहे तो विकत घेणाऱ्याचा आणि ३० हजारांचा.

आता उंदराचं खरं सांगते. मादी साधारण २१ ते २३ दिवस पोटुशी राहते. एका वेताला सहा ते बारा पिल्लं होतात, आपण आठ धरू. पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, गुलाबी दिसतात, डोळे मिटलेले असतात. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तीन आठवड्यांनी आईचं दूध सुटते. व्यायल्यानंतर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून कागदावरचं "दर महिन्याला" हे अगदी अशक्य नाही. पण आपल्यापैकी जिने वर्षाआड बाळंतपण काढलं तिला मी काय सांगू? पोटात एक, अंगावर आठ, असं सतत चाललं की मादी वाळते, पिल्लं लहान निघतात, कधी कधी आईच पिल्लं खाते. नराला वेगळं ठेवून, मादीला विसावा देऊन वर्षाला पाच वेतं घ्यावीत. आणि वर्ष-सव्वा वर्षात ती मादी उतरणीला लागते. मग नवी तयार करा.

पाच माद्या, पाच वेतं, आठ पिल्लं. २०० झाली. ६०० नाही.

आता वही काढा आणि माझ्यासोबत हिशेब लिहा. मोठा उंदीर दिवसाला १५ ते २० ग्रॅम खाते. सहा जनावरं २० ग्रॅमने दिवसाला १२० ग्रॅम, वर्षाला ४४ किलो. दूध पाजणारी मादी दुप्पट-तिप्पट खाते, त्याचे आणखी १६ किलो. एक पिल्लू विकण्याजोगं व्हायला तीनशे ग्रॅम तरी खाणार, २०० पिल्लांचे ६० किलो. एकूण १२० किलो. नुसत्या शिळ्या भातावर हा उंदीर वाढत नाही. धान्य, डाळ, शेंगदाणा असं मिसळून द्यावं लागते. किलोला ४० रुपये धरा. झाले ४,८०० रुपये. म्हणजे एका उंदरामागे २४ रुपये नुसतं खाणं.

गटाचं कर्ज ३० हजार, दोन वर्षांत फेडायचं, शेकडा एकने घटतं व्याज. पहिल्या वर्षात मुद्दल १५ हजार आणि व्याज जवळपास २,८००. खाण्याचे ४,८०० मिळवा. २२,६०० झाले. आणि मिळकत? २०० उंदीर, त्याच्याच १०० रुपयाच्या भावाने, २० हजार. एकही मेला नाही, एकही पळाला नाही, एकही मांजरीने नेला नाही, आणि तुमच्या वर्षभराच्या मेहनतीचा एक रुपया धरला नाही, तरी २,६०० रुपये अंगावर. शिवाय पहिला उंदीर विकायला दोन-अडीच महिने लागणार. हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू.

हे त्याचा भाव खरा धरून. आता घेणारा खरा धरता येतो का ते पाहू.

शहरात जे परदेशी साप पाळतात त्यांत बॉल पायथन नावाचा आफ्रिकेतला छोटा अजगर जास्त असते. तो मोठा झाल्यावर दहा-पंधरा दिवसांतून एकदा खाते. थंडीत कधी महिनाभर तोंड उघडत नाही. वर्षाचे ३० उंदीर खूप झाले. आता त्या माणसाचंच गणित घ्या, एका बाईचे ६०० उंदीर. त्यासाठी २० साप पाहिजेत. आपल्या प्रभागातल्या ४० बायांनी संच घेतले तर २४ हजार उंदीर, म्हणजे ८०० साप. ८०० परदेशी साप, फक्त आपल्या एका प्रभागासाठी! आणि तो माणूस हिंगण्याला, कळमेश्वरला, उमरेडलाही फिरून राहिला आहे. कोणाच्या घरी आहेत इतके साप? माझं २०० चं गणित धरलं तरी ४० बायांना अडीचशेच्या वर साप लागतात.

इथे कायद्याचं सांगणं भाग आहे. आपल्या देशातला कोणताही साप, नाग असो, धामण असो, अजगर असो, घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परदेशी सापाचं वेगळं आहे. त्यांतल्या बॉल पायथनसारख्या जातींची नोंद आता मालकाला वन खात्याकडे परिवेश पोर्टलवर करावी लागते, त्याचे नियम २०२४ मध्ये आले. म्हणजे खरा, कायदेशीर साप मालक लपलेला नसते. त्याच्याकडे नोंदीचा कागद असते. कंपनीला विचारा, "तुमचे घेणारे कोण? पाच जणांचे कागद दाखवा." आणि कोणी म्हणालं की घेणारा नाग पाळते, तर त्याला उंदीर देणं सोडा, उभंही करू नका.

दुसरा कागद आपल्या बाजूचा. पेट शॉपचे नियम २०१८ मध्ये आले. त्यात पाळीव प्राण्यांच्या यादीत कुत्रा, मांजर, ससा यांच्यासोबत उंदीरही आहे, आणि विक्रीचा व्यवसाय करायचा तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. तो माणूस असंही म्हणते की नागपूरची फार्मसी कॉलेजं पांढरे उंदीर घेतात. घेतात, खरं आहे. पण प्रयोगासाठीचे प्राणी नोंदणी असलेल्या पैदासकाराकडूनच घ्यावे लागतात. १९९८ चे नियम आहेत, त्यावर केंद्राची समिती आहे, तपासणी होते. आपल्या घरामागच्या छपरातला उंदीर कोणतंही कॉलेज रजिस्टरवर चढवणार नाही.

आता जरा मागचं आठवा. इमू पक्षी आठवतो का कोणाला? शहामृगासारखा, उंच. तमिळनाडूत इरोड जिल्ह्यात सुसी इमू फार्म्स नावाची कंपनी होती. पक्षी आमच्याकडून घ्या, सांभाळा, महिन्याला पैसे देऊ, नंतर पक्षीही परत घेऊ. २०१२ मध्ये ती बुडाली, मालकावर गुन्हे दाखल झाले आणि शेतकऱ्यांच्या अंगणात खाण्यावाचून पक्षी राहिले. आपल्याही राज्यात इमू घेणारे शेतकरी होते. मग २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरला, कडकनाथ कोंबडीचं प्रकरण झालं. महारयत अ‍ॅग्रो कंपनी. पिल्लं आमची, सांभाळ तुमचा, अंडी-कोंबड्या आम्ही घेऊ. कडकनाथ कोंबडी खोटी नाही हं. झाबुआची ती कोंबडी नामांकित आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही शेतकरी बुडाले, गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले.

कारण दोन्हीकडे कंपनीचा धंदा पक्षी विकण्याचा नव्हताच. धंदा होता संच विकण्याचा. पहिल्या शंभर जणांना ठरल्याप्रमाणे पैसे मिळतात, अगदी तारखेला मिळतात. ते पैसे येतात दुसऱ्या शंभर जणांच्या संचातून. पहिले शंभर गावात सांगतात, "आम्हाला मिळाले." त्यात खोटं काही नसते, बिचाऱ्या खरंच बोलत असतात. म्हणून तर पसरते. मग कधीतरी नवे लोक मिळेनासे होतात. आधी "वजन कमी भरलं" म्हणून भाव उतरतो, मग गाडी उशिरा येते, मग फोन लागत नाही. पलीकडच्या तालुक्यात अमक्या ताईला चेक मिळाला, असं कोणी सांगितलं तर एवढंच विचारा की त्या ताईला मिळून किती महिने झाले आणि तिचा उंदीर शेवटी कोणत्या सापाने खाल्ला.

कडकनाथवाल्यांकडे निदान कोंबडी होती. आपण म्हणतो ना, शेळी विकली नाही तर आठवडी बाजार आहे, कोंबडी विकली नाही तर रविवारी घरी शिजते. उंदीर विकला नाही तर? सोडून देता येत नाही. पाच आठवड्यांची पिल्लं वयात येतात, नर-मादी वेगळे केले नाहीत तर आपसातच वाढतात. गाडी दोन महिने आली नाही की पिंजऱ्यात किती होतील, तुम्हीच मोजा. आणि एखाद्या रात्री पोराने दार उघडं ठेवलं तर धानाच्या कोठीत काय होईल तेही.

मला सगळ्यात जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते, आणि व्हिडिओत ती कुठेच नाही. उंदीर आले की त्यांच्या वासावर साप येते. धामण आली तर नुकसान नाही, उलट ती शेतकऱ्याची मैत्रीण. पण नाग आणि घोणसही उंदरांच्याच मागे येतात. आपल्याकडे रामटेक, मौदा, कुहीकडे पावसाळ्यात घराभोवती धानाच्या बांध्या, पाणी वाढलं की साप आधीच उंचवट्याकडे, घराकडे सरकतात. बाया-पोट्टे खाली सतरंजी टाकून झोपतात. त्या झोपण्याच्या खोलीला लागून पिंजरा ठेवायचा? शहरातल्या पाळलेल्या सापाला खाऊ घालता घालता आपल्या दारात मोकळा साप बोलवायचा, हे मला पटत नाही. नागपंचमीला आपण भिंतीवर नाग काढून पूजा करतो, तो तिथेच बरा.

पिंजऱ्यात सांडलेल्या दाण्यांवर घरचे काळे उंदीरही येतात. उंदरांच्या लघवीतून लेप्टो होते, हातापायाच्या भेगांतून शिरते. २०१८ मध्ये नागपूर आणि आजूबाजूला स्क्रब टायफसची साथ आली होती, आठवत असेल, मेडिकलमध्ये किती पेशंट होते. ती गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होते आणि तो किडा रानातल्या उंदरांवर जगते. पांढरा उंदीर स्वच्छ असला तरी तो आपल्याभोवती जे गोळा करते ते स्वच्छ नसते.

आणि आपला उन्हाळा. उंदराला २० ते २४ अंश मानवते. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की टिनाच्या छपराखाली एका दुपारी सगळा पिंजरा संपेल. कूलर लावायचा तर बिल कोणाचं? भारनियमन झालं तर?

अजून एक विचारलं पाहिजे, कोणी विचारलं नाही म्हणून मीच बोलते. बरेच साप पाळणारे जिवंत उंदीर टाकत नाहीत, कारण उंदीर सापाला चावते, जखम होते. ते मारून गोठवलेले घेतात. म्हणजे कंपनी उद्या म्हणाली की गोठवून द्या, तर ते पिल्लू तुम्ही मारायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. कोणत्या फ्रीजमध्ये? ज्यात पोरांचं दूध आहे त्या? संच घेतानाच याचं उत्तर लिहून घ्या.

इतकं ऐकूनही एखादी ताई म्हणेल की मला करूनच पाहायचं आहे. मी अडवणारी कोण? मला इतकंच म्हणायचं आहे की गटाच्या कर्जाने नको, स्वतःच्या पैशाने, दोन माद्या आणि एका नरापासून. ३० हजारांचा संच लागत नाही त्याला. आधी नागपुरातल्या नोंदणी असलेल्या पेट शॉपमध्ये जाऊन विचारा, महिन्याला किती घेता, कोणत्या आकाराचे, काय भावाने, आणि ते त्यांच्या शिक्क्यावर लिहून आणा. घरापासून वेगळी पक्की खोली पाहिजे. लाकडी खोका चालत नाही, एका रात्रीत कुरतडतात. बारीक लोखंडी जाळी लागते, पिल्लू बोटाएवढ्या फटीतून निघते. खाली धानाचा कोंडा किंवा तणस, तो दोन-तीन दिवसांनी बदलायचा, नाहीतर लघवीच्या वासाने त्यांचीच छाती भरते. हातात मोजे, पायात चप्पल-बूट, आणि घरात पोटुशी बाई असेल तर तिला या कामाला लावू नका. आपल्या पशुसखींना शेळी-कोंबडीचं प्रशिक्षण आहे, उंदरांचं नाही. पशुसंवर्धन विभागाच्या योजना शेळी, कुक्कुट, वराह यांच्या आहेत. म्हणजे आजार आला तर तुम्ही एकट्या.

ज्यांनी मागणी लिहिली आहे त्यांच्यावर कोणी हसू नका ही माझी विनंती. त्यातल्या एका ताईचा मुलगा अकरावीला आहे, तिला शेतमजुरीशिवाय काहीतरी घरचं पाहिजे. हे चुकीचं कसं म्हणू? त्या दोघींसोबत मी आणि बँक सखी या आठवड्यात बसणार आहोत, त्यांच्या घरची जागा, वेळ आणि जवळचा बाजार पाहून दुसरा प्रस्ताव लिहू.

ठरावाबाबत कार्यकारिणीने असं ठरवलं आहे की ज्या धंद्यात जनावर विकणारा आणि परत घेणारा एकच माणूस आहे, त्या मागणीसोबत तीन कागद लागतील : कंपनीचा नोंदणी दाखला, परत घेण्याचा करार मराठीत, सही-शिक्क्यासह, आणि कंपनीशिवाय दुसऱ्या एका खरेदीदाराचं पत्र. तिसरा कागद आला नाही तर ठराव पुढच्या बैठकीवर. तो माणूस पुन्हा गावात आला तर एकट्या-दुकट्या बोलू नका, ग्रामसंघाच्या बैठकीत बोलवा, आणि त्याच्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोणी आधीच पैसे दिले असतील तर लाजून गप्प बसू नका. पावती, फोन नंबर, चॅट जपून ठेवा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची, सोबत आम्ही येऊ.

आणि पावसाळा तोंडावर आहे म्हणून दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. घरात साप निघाला तर मारायचा नाही, वन विभागाला १९२६ वर फोन करा किंवा जवळच्या सर्पमित्राला बोलवा. साप चावला तर दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला कमीत कमी हलवत १०८ ची गाडी बोलावून सरळ ग्रामीण रुग्णालय.

ज्या गटांच्या अध्यक्ष, सचिव आज आल्या नाहीत त्यांच्यापर्यंत हे सीआरपी ताईंनी पोहोचवावं, आणि तीन कागदांची गोष्ट गटाच्या वहीत लिहून त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.